नदीचं मूळ, जंतूचं कूळ

मराठी माणसाला मळाविषयी बोलायची लाज वाटते, त्याच्या भाषेला मात्र अजिबात वाटत नाही. गायीचं शेण, घोड्याची लीद, शेळीची आणि सशाची लेंडी, पाखराची शीट. ज्याची त्याची वस्तू, ज्याचं त्याचं नाव. रानात फिरणारा माणूस वाटेवर नुसती नजर टाकून सांगतो की रात्री इथून कोण गेलं.

आता वासराचं चिमूटभर शेण, सशाची एक लेंडी आणि जुलाब झालेल्या माणसाच्या शौचाचा नमुना असे तिन्ही शेजारी शेजारी काचपट्टीवर घ्या. तिघांच्याही आतड्यात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशीय परजीवी बसलाय असं धरू. नेहमीचा लाल रंग चढवून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर तिन्हीकडे तेच दिसतं: चार-सहा मायक्रॉनचा गुलाबी-लाल गोल ठिपका, रक्तातल्या तांबड्या पेशीहूनही लहान. एका माळेचे मणी. कुठला मणी कुणाच्या पोटातून आला हे सांगायला त्या माळेत गाठसुद्धा नाही. जी गोष्ट गुराख्याला उभ्या उभ्या कळते ती इथे पदवीधर तज्ज्ञालाही कळत नाही.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. या ठिपक्यांच्या मागे लागलेली मंडळी नेमकं तेच विचारत असतात, आणि दोन्ही एकदम. पाणी कुठून आलं? आणि त्यातला हा जंतू कुणाच्या कुळातला? गेल्या तीसेक वर्षांत त्यांना जी उत्तरं मिळाली ती इतकी अनपेक्षित आहेत, की वाचताना विसरायला होतं, हा सगळा खटाटोप शेवटी जुलाबासाठी चाललाय.

हा प्राणी माणसाच्या ओळखीचा झाला तोच उशिरा. अर्नेस्ट टिझर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये तो उंदराच्या जठरात पाहिला आणि त्याचं नामकरणही त्यानेच केलं. पुढची जवळजवळ सत्तर वर्षं ती एक प्राणिशास्त्रातली किरकोळ नोंद होती. माणसात तो सापडल्याचं १९७६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालं. त्या पहिल्या रुग्णांपैकी एक अमेरिकेतल्या टेनेसीच्या ग्रामीण भागातली तीन वर्षांची मुलगी होती. वासरांना याने हगवण लागते हे गुरांच्या डॉक्टरांना तोवर कळलेलं होतं. तेव्हा जुलाबाच्या साथीत हा ठिपका दिसला की बोट आपोआप गोठ्याकडे वळे.

मग १९९३ चा वसंत आला. अमेरिकेत मिशिगन सरोवराकाठी मिलवॉकी नावाचं शहर आहे. मार्चच्या अखेरीस आणि एप्रिलच्या सुरुवातीला तिथे लोक धडाधड आजारी पडू लागले. औषधांच्या दुकानांतली जुलाबाची औषधं संपली, शाळांत मुलं येईनात, मास्तरही येईनात. सरोवराचं पाणी शुद्ध करणाऱ्या दोन केंद्रांपैकी दक्षिणेकडच्या केंद्रातून गढूळ पाणी बाहेर पडत होतं आणि त्यात क्रिप्टोस्पोरिडियम होता. सुमारे ४,०३,००० लोक आजारी पडले असा अंदाज नंतर काढला गेला. बहुतेक जण आठवड्या-दोन आठवड्यांत बरे झाले. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच ढासळली होती, विशेषतः एड्सचे रुग्ण, त्यांच्यातले कित्येक वाचले नाहीत.

इथे क्लोरीनचं काय झालं, असा प्रश्न पडेल. काहीच झालं नाही. या जंतूची बाहेर पडणारी अवस्था म्हणजे जाड कवचाची एक पुटी. आत चार बीजकं गुंडाळलेली, भोवती असं कवच की नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमध्ये ती आरामात पोहत राहते. तिला गाळून काढता येतं किंवा उकळून मारता येतं. म्हणून गाळणी चुकली की सगळंच चुकतं.

मिलवॉकीत संशय बऱ्याच जणांवर होता, त्यात गुरं ठळक. हिवाळ्यानंतर बर्फ वितळलेलं, पाऊस झालेला, नद्या शेतांवरून आणि कुरणांवरून वाहत सरोवराला मिळणाऱ्या. शेण वाहून आलं असणार, यात शंका घ्यावी असं काही दिसत नव्हतं. पण काही रुग्णांचे नमुने जपून ठेवलेले होते. काही वर्षांनी त्यांतला डीएनए वाचला गेला आणि गुरांवरचा आळ निघाला. त्या पुट्या वासरांत आढळणाऱ्या कुळातल्या नव्हत्याच. त्या माणसाच्या कुळातल्या होत्या, ज्या कुळातला परजीवी जवळजवळ फक्त माणसाच्याच आतड्यात नांदतो. म्हणजे सरोवरात आलं ते मैलापाणी होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी होणार होती. चार पायांच्या संन्याशाची तेवढ्यापुरती सुटका झाली. वाचलेले नमुने मोजकेच होते, चार लाखांपुढे मूठभर. तरीही ते सगळे एकाच दिशेला बोट दाखवत होते. या माणूसवाल्या कुळाला २००२ मध्ये स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला आणि रीतसर नाव पडलं, क्रिप्टोस्पोरिडियम होमिनिस. मिलवॉकीत लोक आजारी पडले तेव्हा गुन्हेगाराला नावही नव्हतं.

हे वाचन होतं कसं? पहिली अडचण कवचाची. जे क्लोरीनला दाद देत नाही ते प्रयोगशाळेतल्या रसायनांना तरी का देईल? मग पुट्या गोठवतात, तापवतात, पुन्हा गोठवतात, पुन्हा तापवतात; कधी बारीक मण्यांबरोबर जोरात घुसळतात. अखेर कवच तडकतं. दुसरी अडचण मळाची. त्यातली पित्तद्रव्यं, चाऱ्याचे अंश, न पचलेलं काहीबाही पुढच्या रासायनिक क्रियेचा गळा धरतं. डीएनए त्यातून निवडून काढणं म्हणजे चिखलातून मोहरी वेचणं. या विषयावरच्या शोधनिबंधांत धुण्या-गाळण्याची वर्णनं लांबलचक असतात. माझ्या मते खरा घाम तिथेच गाळलेला असतो.

त्यानंतर येतं पीसीआर. कोविडने हा शब्द घरोघरी पोचवला, नाकातल्या काडीसकट. डीएनएच्या ठरावीक तुकड्याची प्रत काढायची, मग दोन्हींच्या प्रती, मग चारांच्या. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींच्या वर होतात. प्रत्येक फेरीत द्रावण उकळीच्या जवळ तापवावं लागतं आणि तेवढ्या आचेत साधं विकर टिकत नाही. या कामी जे टिकाऊ विकर आलं ते अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूचं. वाफाळत्या कुंडातल्या जिवाच्या हत्याराने दुसऱ्या जिवाचं कवच फोडून काढलेलं अक्षर मोठं करायचं! ही युक्ती काढणाऱ्या कॅरी मुलिस यांना नोबेल मिळालं ते १९९३ मध्ये, मिलवॉकीच्याच वर्षी.

प्रत कुठल्या तुकड्याची काढायची? पहिला मान असतो १८एस नावाच्या जनुकाकडे. पेशीत प्रथिनं तयार करणारं जे यंत्र आहे, त्याचा एक भाग या जनुकातून घडतो. हे यंत्र बिघडून चालतच नाही, म्हणून कोट्यवधी वर्षांत या जनुकाचा बराचसा मजकूर जसाच्या तसा राहिला. अधल्यामधल्या काही ओळी मात्र सैल आहेत. तिथे एखादं अक्षर बदललं तरी यंत्र चालतं. त्या सैल ओळींत जातींचे फरक साठत गेले. एखाद्या घराण्यात आरती सगळे तीच म्हणतात, पण एक शब्द कोकणातली शाखा वेगळा उच्चारते आणि देशावरची वेगळा, आणि त्या एका शब्दावरून कळतं की कोण कुठला. तसंच काहीसं.

दुसरं जनुक याच्या अगदी उलट स्वभावाचं. त्याचं नाव जीपी६०. त्यातून बीजकाच्या पृष्ठभागावरची प्रथिनं तयार होतात. यजमानाच्या शरीरातले पहारेकरी आधी तीच पाहतात, म्हणून त्यांना सतत वेश बदलावा लागतो. या जनुकात एका जागी टी-सी-ए अशी त्र्यक्षरी पुन्हा पुन्हा येते. कुणाच्यात पंधरा वेळा, कुणाच्यात वीस वेळा. उपप्रकाराच्या नावातच ही मोजदाद लिहिलेली असते. व्हीएए१८ हे नाव कुलुपाच्या आकड्यासारखं वाटतं. त्यातला शेवटचा ए१८ एवढंच सांगतो की ती त्र्यक्षरी सलग १८ वेळा आहे. आडनाव एका जनुकाने सांगायचं आणि घर क्रमांक दुसऱ्याने.

हा व्हीएए१८ लक्षात ठेवा. तो एका सशाच्या पोटात सापडला.

इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशर परगण्यात पिट्सफोर्ड नावाचा जलाशय आहे. जून २००८ च्या अखेरीस तिथल्या जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियमच्या पुट्या आढळल्या. सुमारे अडीच लाख लोकांना निरोप गेला: पाणी उकळून प्या. आपल्याकडे पावसाळ्यात हा निरोप नळाला पाणी येण्याइतकाच नेमाने येतो, पण ज्या देशात लोक नळाला तोंड लावून पाणी पितात तिथे तो भूकंपासारखा असतो. केंद्रातल्या टाक्या तपासताना एका टाकीत एक लहानसा रानससा मेलेला सापडला. टाकी शुद्धीकरण उरकलेल्या पाण्याची. गाळणी मागे राहिलेली, पुढे फक्त क्लोरीन, आणि क्लोरीनचा उपयोग काय ते आपण पाहिलंच.

तरीही सशाचं मढं हा पुरावा नव्हे. ससा बिचारा निव्वळ बुडालेला असू शकतो. शिवाय सशातला क्रिप्टोस्पोरिडियम माणसाला लागतो, असं तोवर पक्कं कुणी मानतच नव्हतं. सशातला जंतू सशापुरता, अशीच समजूत होती. रुग्णांचे नमुने, पाण्याच्या तपासणीतल्या काचपट्ट्या आणि सशाच्या आतड्यातला ऐवज असं सगळं वेल्समधल्या स्वानसी इथल्या संदर्भ प्रयोगशाळेत गेलं. तिन्हींत एकच मजकूर निघाला. सशात व्हीएए१८, पाण्यात व्हीएए१८, माणसांत व्हीएए१८. तेवीस रुग्णांची साखळी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुराव्याने थेट त्या टाकीशी जोडली गेली. प्रत्यक्षात आजारी पडलेले याहून पुष्कळ असावेत. नेहमीपेक्षा ४२२ रुग्ण जास्त झाले असावेत असं इतर आकडेवारीवरून दिसलं. एक ससा, अडीच लाखांचं पाणी.

आणि हा ससा तसा पकडला जाणं किती कठीण होतं पाहा. सशाच्या जंतूचा जवळचा भाऊबंद कोण, तर वासरातला नव्हे, माणसातला होमिनिस. १८एस जनुकात या दोघांतला फरक एका हाताच्या बोटांवर मोजता येईल इतका थोडा. रोजच्या चाचणीत सशाचा जंतू सहज होमिनिस म्हणून खपून जाई. मिलवॉकीत गाय नाहक संशयात आली होती. इथे कुणी जरा घाई केली असती तर सशाचं पाप माणसाच्या मैल्यावर गेलं असतं. या साथीनंतर ब्रिटनमधले २००७-०८ चे ३,०३० नमुने याच नजरेने पुन्हा पाहिले, तर १.२ टक्क्यांत सशाचाच जंतू होता. म्हणजे तो अधूनमधून माणसाला गाठत होताच, दुसऱ्याच्या नावावर. २०१० मध्ये या जातीचं वर्णन नव्याने करून क्रिप्टोस्पोरिडियम क्युनिक्युलस हे नाव पक्कं झालं.

या साथीतलं एक कोडं मला अजून सोडत नाही. हा आजार एरवी लहान मुलांचा. पिट्सफोर्डच्या रुग्णांत पाच वर्षांखालचं एकही मूल नव्हतं, आणि बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या. सशाने बाळं का वगळली? तर्क मांडले गेले, पक्कं उत्तर काही हाती आलं नाही.

डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिपक्यांचं एक वेळ ठीक आहे. वीतभर लांबीच्या जंतांचं कूळ तरी ओळखता येत असेल? आमच्या लहानपणी पोटात दुखतंय म्हटलं की आजीचं निदान ठरलेलं असे, जंत झालेत, आणि वावडिंगाचं कडू पाणी पुढे येई. हा गोल जंत माणसाला होतो आणि डुकरालाही होतो. जीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने माणसाच्या जंताला १७५८ मध्ये नाव दिलं, डुकराच्या जंताला १७८२ मध्ये वेगळं नाव मिळालं, आणि मग दोनशे वर्षं वाद चालला की हे दोन की एक. दोन्ही शेजारी ठेवले तर जाणकारही चाचपडतो. शिमेसु कोइनो या जपानी डॉक्टरने १९२२ मध्ये माणसाच्या जंताची दोन हजार अंडी स्वतः गिळून पाहिली. न्यूमोनियासारखा आजार ओढवला आणि थुंकीत जंतांची पिल्लं निघाली. जनुकं वाचता येत नसताना जिज्ञासू माणसाकडे असे मार्ग होते.

१९९० च्या दशकात जंतांचा डीएनए वाचायला सुरुवात झाली तेव्हा ग्वाटेमालातल्या खेड्यांकडे लक्ष गेलं. तिथे अंगणात मुलं आणि डुकरं एकत्र लोळतात, दोघांच्याही पोटात जंत. कुणीही म्हणेल, देवाणघेवाण चालू असणार. निघालं भलतंच. एकाच गावात माणसांचे जंत निराळे आणि डुकरांचे निराळे, जणू मध्ये भिंत घातलेली. याउलट डेन्मार्कचं पाहा. स्वच्छ, सुबत्तेचा देश. माणसाचा स्वतःचा जंत तिथून कधीचा नाहीसा झालेला. तरीही अधूनमधून एखाद्याला जंत होतो. असे जंत तपासले तर ते डुकराच्या कुळातले निघाले. उत्तर अमेरिकेतही हीच तऱ्हा. जिथे माणूस आणि डुक्कर एका अंगणात राहतात तिथे जंतांची सोयरीक नाही, आणि जिथे डुक्कर बंदिस्त गोठ्यात आहे तिथे त्याचा जंत माणसाच्या पोटात! पुढे चित्र आणखी गुंतलं. केनियातल्या काही खेड्यांतल्या माणसांच्या जंतांचे संपूर्ण जीनोम वाचले, ते २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांत दोन्ही कुळांचा संकर दिसला. कधीतरी, कुठेतरी, भिंत ओलांडली गेली होती.

आपल्याकडे शाळा-अंगणवाड्यांतून जंतनाशक दिवशी मुलांना गोळी देतात, ती बहुतेकांनी पाहिली असेल. गोळी पोटातला जंत काढते. तो पुन्हा कुठून येणार आहे हे तिला ठाऊक नसतं, आणि कुळाची चौकशी उपयोगी पडते ती इथे. आसामातल्या चहामळ्यांच्या वस्तीत जिआर्डिया या दुसऱ्या आतड्यातल्या परजीवीचा असा शोध घेतला गेला. निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. जिआर्डियाची कुळं अक्षरांनी ओळखतात: ए आणि बी माणसांत आणि बऱ्याच प्राण्यांत, सी आणि डी कुत्र्यांत, ई गुराढोरांत, एफ मांजरांत. कुत्र्यांत सी-डी सापडणार असं कुणालाही वाटेल. मळ्यातल्या कुत्र्यांत माणसांची ए आणि बी कुळं निघाली. ज्या घरच्या कुत्र्यात जिआर्डिया, त्या घरच्या माणसांत तो असण्याची शक्यता सुमारे तिप्पट. उंबऱ्यावर झोपणारं, उष्ट्यावर वाढलेलं कुत्रं घरातलंच एक माणूस असतं. परजीवीनेही तेच धरलं होतं. संशोधकांनी एक इशाराही दिला: तीन जनुकं पाहिली तेव्हा प्रत्येकाने सारखंच बारीक सांगितलं नाही. एकाच साक्षीदारावर विसंबलं की घोटाळा होतो.

आता उत्तर ध्रुवाकडे जाऊ. कॅनडाच्या पश्चिम आर्क्टिकमध्ये बँक्स बेट आहे. तिथे गाव एकच, वस्ती शंभराच्या आसपास. बाकी सगळं झाडाविना माळरान, आणि त्यावर जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या केसांचे कस्तुरीबैल हजारोंनी. बैलासारखा, खुरांचा, रवंथ करणारा प्राणी. जिआर्डिया सापडलाच तर गुरांचा ई असावा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या कस्तुरीबैलांत जिआर्डिया होता, आणि तो ए होता. माणसांत नांदणारं कूळ, जिथे माणूस शोधावा लागतो तिथे.

कुणी कुणाला दिला? शिकारी, संशोधक किंवा प्रवासी यांच्यापैकी कुणाच्या तरी मळातून तो बैलांच्या चाऱ्यात गेला असेल. किंवा हे कूळ मुळात रानातल्या प्राण्यांचंच असेल, आणि त्याला माणसाचं म्हणण्याचा हक्क आपण उगाच घेतला असेल. अक्षरं दोघांत सारखीच आहेत. नातं आहे एवढं ती सांगतात, माहेर कुठलं आणि सासर कुठलं हे त्यांत लिहिलेलं नाही. त्यासाठी बेटावरच्या आणखी जनावरांचे, त्या एका गावातल्या माणसांचे आणि कुत्र्यांचे, भोवतालच्या पाण्याचे नमुने लागतील. तोवर बँक्स बेटावरचे बैल आपले बर्फ खुरांनी उकरून खालचं गवत खातायत, आणि मागे जे टाकतायत त्याला मराठीत काय म्हणावं, शेण की लेंड्या, हेही मला अजून ठरवता आलेलं नाही.